घसरगुंडीवर पहिली कोण

फाटकावरची पाटी मिस्त्रींनी एकदा वाचली, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा वाचली. पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'मैदानात धावू नये.' मिस्त्रींना वाटलं, दवाखान्याची पाटी रंगाऱ्याने चुकून इथे आणून ठोकली. पण खाली आणखी ओळी होत्या. झाडावर चढू नये. आरडाओरडा करू नये. वाळू एकमेकांच्या अंगावर टाकू नये. मोठ्या माणसाशिवाय लहान मुलांनी आत येऊ नये, आणि लहान मुलाशिवाय मोठ्या माणसाने आत येऊ नये.

"अहो, मग मुलांनी इथे येऊन करायचं काय?" मिस्त्रींनी पहारेकऱ्याला विचारलं.

पहारेकरी खुर्चीतून अर्धवट उठला. "ते मला माहीत नाही काका. तुमच्याबरोबर मूल कुठंय?"

"माझं मूल? ते कामावर गेलंय."

"मग त्याला घेऊन या."

"अरे, ते चाळिशीला आलंय!"

शेवटी मिस्त्रींनी खांद्यावरची हत्यारांची पिशवी उघडून दाखवली, आतले पाने, कानस आणि तेलाची बुधली बघून पहारेकऱ्याची खात्री पटली आणि त्याने त्यांना आत सोडलं. मैदानाचा कायापालट झाल्याचं मिस्त्री गेले कित्येक महिने ऐकून होते. नगरपालिकेने जुनं सगळं उपटून नवं बसवलं होतं. फक्त एक लोखंडी घसरगुंडी तेवढी राहू द्या म्हणून आसपासच्या लोकांनी अर्जविनंत्या केल्या, आणि ती दुरुस्त करायला ज्याने ती मुळात बनवली त्यालाच बोलावणं आलं. नवा पत्रा त्यांनी आपल्या शेडमध्ये तयार करून पाठवला होता, तो पालिकेच्या माणसांनी बसवला होता, आणि आता शेवटचे बोल्ट आवळायला मिस्त्री स्वतः आले होते.

पहिलं पाऊल टाकलं आणि ते दचकलेच. जमीन पायाखाली दबली आणि परत वर आली. त्यांनी टाच आपटून पाहिली. आवाज नाही. पिशवीतून पाना काढून मुद्दाम खाली टाकला, तर तो दोनदा उड्या मारून गपचूप पडून राहिला. मिस्त्री बघतच राहिले. त्यांच्या वेळी या मैदानात पाना पडला असता तर पलीकडच्या रस्त्यावरच्या माणसाने मान वळवून पाहिलं असतं. आता सगळीकडे निळ्या-हिरव्या रबराची ही गादी अंथरलेली, आणि तिच्यावर प्लॅस्टिकची एक घसरगुंडी उभी, मिस्त्रींच्या कमरेला लागेल एवढी. तिच्यावरून घसरायचं म्हणजे पोर वर बसायच्या आधीच खाली पोचलेलं असणार.

"पडलं तरी लागत नाही," पालिकेच्या इंजिनीअर बाई मागून येऊन अभिमानाने म्हणाल्या. तरुण होत्या, कामाला चोख होत्या, उगाच साहेबी नव्हती.

"लागत नाही?" मिस्त्री म्हणाले. "मग पडलोय हे कळतं कसं?"

बाई हसल्या. मिस्त्री मुळीच थट्टा करत नव्हते.

त्यांचं स्वतःचं बालपण मैदानाशिवाय गेलं होतं. मैदान कशाला लागतं, हेही तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. सकाळी घरातून बाहेर पडायचं आणि पोटात कावळे ओरडायला लागले की परत यायचं, एवढंच वेळापत्रक. पाण्याची लाइन टाकायला आणलेले सिमेंटचे मोठाले पाइप रस्त्याकडेला पडलेले असत, त्यांत लपाछपी चाले. बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर वरून उड्या चालत. गावाबाहेर दगडाची बंद पडलेली खाण होती, तिच्या कडेवरून खालच्या पाण्यात कोण उडी मारतो यावर पैजा लागत. प्रत्येकाच्या अंगावर काही ना काही खूण असे. मिस्त्रींच्या डाव्या भुवईतून एक रेघ गेलेली आहे, ती पाइपाच्या काठाची. या खुणेची गोष्ट ते पन्नास वर्षं रंगवून सांगत आले. ऐकणाऱ्याला वाटावं, स्वर्ग म्हणजे दुसरं काही नसून सिमेंटचा पाइपच असणार.

खाणीची गोष्ट मात्र ते अर्धीच सांगत. खाणीच्या पाण्यात त्यांचा जिवलग मित्र एका दुपारी उडी मारून गेला तो वर आलाच नाही, हे ते कधी कोणाला सांगत नसत. मिस्त्री तेव्हा काठावर उभे होते, पुढची पाळी त्यांची होती. त्यानंतर गावातल्या मोठ्यांनी डोक्याला हात लावला, खाणीला कुंपण घातलं आणि पोरांना खेळायला म्हणून ही जागा सपाट केली. बरीच वर्षं ती नुसतीच मोकळी जागा होती. पुढे मिस्त्री वेल्डिंग शिकून कामाला लागले आणि तिथे काहीतरी उभं करायचं काम निघालं, तेव्हा त्यांनी ते दुसऱ्या कोणाला मिळू दिलं नाही.

घराला लागून त्यांची पत्र्याची शेड. एका बाजूला वेल्डिंगचं यंत्र, दुसऱ्या बाजूला पाइप वाकवायचा साचा, मधे जेमतेम एक माणूस वळेल एवढी जागा. लाल प्रायमरचा वास शेडमधून निघून स्वयंपाकघरात मुक्कामाला जाई आणि ठिणग्या वाळत घातलेल्या कपड्यांना भोकं पाडत. बायको म्हणायची, "या घरात चाळणी विकत आणायची गरज नाही, तुमचे सदरे आहेत." मिस्त्री कामात असे गढलेले असत की ती हे चेष्टेने म्हणतेय की चिडून, तेही त्यांना उमगत नसे.

पण काम असं, की बघत राहावं. पोरांना काही लागता कामा नये, हा एकच ध्यास. पत्र्याचा सांधा घासून झाला की ते त्यावरून आपलं जुनं बनियन वरपासून खालपर्यंत ओढत. एक धागा जरी अडकला तरी पुन्हा कानस. त्या बनियनच्या चिंध्या झाल्या की मग अंगातलं काढत. घसरगुंडी पुरती होईतो घरात धड बनियन उरत नसे.

पहिली घसरगुंडी उभी राहिली तेव्हा सगळं गाव बघायला आलं. आले, बघितलं, तोंडात बोटं घातली आणि उभे राहिले. पुरुषभर उंच आणि वर आणखी हातभर असलेलं ते लोखंडी धूड बघून एकही आईबाप आपलं मूल वर चढवायला तयार होईना. एक जण म्हणाला, "मिस्त्री, मजबूत आहे कशावरून?" प्रश्न साधा होता, पण मिस्त्रींच्या तो काळजाला लागला. त्यांनी काय करावं? बायकोचं बोट धरून उभी असलेली आपली चार वर्षांची लेक उचलली, शिडीच्या वरच्या टोकाला नेऊन बसवली, खाली येऊन हात पसरले आणि म्हणाले, "ये." ती आली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत घसरगुंडीपुढची रांग संपली नाही.

तिथून ती रीतच पडली. मिस्त्रींना आसपासच्या गावांतून बोलावणी येऊ लागली. झोपाळे, गोल फिरणारी चक्री, उंच लोखंडी जाळ्या, घसरगुंड्या. जिथे जात तिथे ते लेकीला बरोबर नेत. काम पुरं झालं की लोक जमत आणि मिस्त्री आधी तिला चढवत. दुसऱ्याच्या पोराच्या जिवाची जोखीम घ्यायची तर आधी आपलं पोर पुढे करायचं, असं ते म्हणत, आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येई. असा प्रामाणिक कारागीर शोधून सापडणार नाही, असं लोक म्हणत. ते खोटंही नव्हतं. पोरगी ना रडायची ना कुरकुरायची. दात दाखवत सुर्रकन खाली यायची. मिस्त्रींनी तिचं नावच ठेवलं वाघीण. मोठी होऊन तिचे पाय घसरगुंडीच्या कडांना अडकायला लागले, तोवर ही रीत चालली.

आता ही वाघीण एका चष्म्याच्या दुकानात काम करत होती. मागच्या छोट्या खोलीत यंत्रावर काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, आणि पुढे येऊन गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवून हळू आवाजात विचारायचं, "आता नीट दिसतंय? की हे बरं?" घाई नाही, जबरदस्ती नाही. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना तीच लागे. तिची मुलगी सहा वर्षांची, एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी. शाळा सुटली की भिंगरी आजीआजोबांकडे, आणि दुकान बंद झालं की आई तिला घेऊन घरी.

लेक भिंगरीला कुठे खेळायला नेते, हे पाहून मिस्त्रींना एकदा धक्काच बसला होता. बाजारातल्या मोठ्या इमारतीत वरच्या मजल्यावर खेळाचं दुकान होतं. हो, दुकानच. दारात हाताला कागदी पट्टा बांधत, पायात त्यांचेच मोजे घालायला लावत, आणि आत मुलं रंगीत चेंडूंच्या हौदात बुडून बसत. वर छताला कॅमेरा. बाहेर आईबाप मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले. खिडकी एकही नाही. तासाभराने घंटा वाजली की मुलं आपणहून बाहेर येऊन बूट घालत होती.

"घंटा वाजल्यावर आपणहून येतात?" घरी आल्यावर मिस्त्री बायकोला म्हणाले. डोळे अजून पांढरेच होते. "आम्हाला शोधायला माणसं निघायची, माणसं! ही पोरं आहेत की हजेरीवरचे कामगार?"

"तुम्हाला शोधायला निघायची ती मारायला निघायची," बायको म्हणाली.

"मिळमिळीत करून ठेवलंय पोरीला. वाघिणीच्या पोटी ससा."

बायकोने भाजी चिरायची थांबवली. काहीतरी बोलणार होती, पण मिस्त्री तोवर शेडमध्ये गेले होते. तिथेच त्यांच्या मनात आलं की नव्या मैदानाचं उद्घाटन होईल तेव्हा जुन्या घसरगुंडीवरून पहिली भिंगरी येईल. तीन पिढ्यांची शोभा. रबराच्या गाद्या टाकणाऱ्यांनाही कळू दे, मूल म्हणजे काय चीज असते ते. कल्पना सुचल्यावर ते इतके खूश झाले की कधी नव्हे ते बायकोला सांगायला स्वयंपाकघरात परत आले.

"लेकीला विचारलंत?" बायकोने विचारलं.

"त्यात विचारायचं काय? तिला आनंदच होईल."

"आणि भिंगरीला?"

"अगं, पोरांना कधी कोणी विचारतं का?" मिस्त्री हसत म्हणाले. यात हसण्यासारखं काय आहे, ते बायकोला दिसलं नाही.

उद्घाटनाच्या दिवशी मैदान माणसांनी फुललं होतं. फीत कापली गेली, भाषणं झाली. एका भाषणात घसरगुंडीचा उल्लेख 'वारसा' असा झाला तेव्हा मिस्त्रींनी मान खाली घातली. इस्त्रीचा सदरा घालून ते पहिल्या रांगेत बसले होते. बायको शेजारी, भिंगरी दोघांच्या मधे. लेकीला दुकानातून तासभर सुटी मिळणार होती, ती अजून यायची होती. गर्दीत बरीच माणसं अशी होती की जी लहानपणी त्याच घसरगुंडीवर वाढली होती. आता त्यांची पोटं सुटली होती आणि त्यांची मुलं त्यांच्या हाताला लोंबकळत होती.

भाषणं संपली तशी त्यांच्यातल्या एकाने हाक दिली, "मिस्त्री, रीत आहे! आधी तुमची!"

"वाघिणीची पोर आहे ना, आणा तिला!" दुसरा ओरडला.

मिस्त्रींना तेवढंच हवं होतं. भिंगरीचा हात धरून ते शिडीपाशी गेले. घसरगुंडी नव्या पत्र्याने नुसती झळकत होती. भिंगरीने आजोबांकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दोन पायऱ्या चढली आणि थांबली.

"चढ, चढ," मिस्त्री म्हणाले. "आजोबा आहेत ना खाली."

"आजोबा, सगळे का बघतायत?"

"तुझं कौतुक आहे म्हणून. चल, वाजवा रे टाळ्या!"

टाळ्या सुरू झाल्या. भिंगरी आणखी एक पायरी चढली आणि शिडीचा दांडा दोन्ही हातांनी कवटाळला. तिचा चेहरा आता मिस्त्रींना दिसत नव्हता, दिसला असता तरी त्यांनी तो वाचला असता की नाही, देव जाणे. त्याच क्षणी गर्दी बाजूला सारत लेक आली. धावत आली होती. पाटीची पर्वा न करता धावणारी त्या दिवशी ती एकटीच.

"बाबा, तिला खाली घ्या."

"अगं, आलीस? वेळेवर आलीस. बघ आता."

"तिला खाली घ्या म्हणते ना!"

हा आवाज मिस्त्रींनी आयुष्यात ऐकला नव्हता. तिच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनी ऐकला असता तर त्यांचा विश्वास बसला नसता. टाळ्या विरत गेल्या. लेकीने वर हात करून भिंगरीला कडेवर घेतलं, आणि ती पोर आईच्या मानेत तोंड खुपसून मुसमुसायला लागली.

मिस्त्री गोंधळून हसले. "अगं, तू चार वर्षांची असताना..."

"मला माहितीये मी किती वर्षांची होते."

"तू तर हसत हसत यायचीस ताई," तो मघाचा हाक मारणारा मधेच म्हणाला. "मी बघितलंय. मी रांगेत होतो."

"मी हसत नव्हते, दादा. मी दात आवळलेले असायचे." मग ती बापाकडे वळली. आवाज आता पुन्हा दुकानातल्यासारखा हळू झाला होता, आणि ते जास्त भयंकर होतं. "मला भीती वाटायची बाबा. वर बसलं की खाली सगळे टाळ्या वाजवत असायचे. मागे फिरायची सोय नाही. एकदा मी म्हटलं होतं, मला नको. तुम्ही म्हणालात, वाघीण कधी घाबरते का? सगळे हसले. त्यानंतर मी कधी म्हटलं नाही."

मिस्त्रींच्या पायाखालची जमीन सरकली. क्षणभर त्यांना खरोखर तोल जातोय असं वाटलं. आपल्या हातून कोणाच्या पोराला खरचटलंसुद्धा नाही, या एका गोष्टीवर ते उभे होते. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. आता कोणीतरी म्हणेल की पोरगी उगाच बोलतेय. कोणी म्हणेना.

"मग इतकी वर्षं कोणी मला सांगितलं का नाही?" ते बायकोवर उखडले. घरातलं माणूस उखडायला नेहमीच जवळ असतं.

"मी सांगितलं होतं," बायको बसल्या जागेवरून म्हणाली. "परत आल्यावर तिचे ओले फ्रॉक कोण धुवायचं? मी सांगितलं, पोर घाबरते, वर गेली की तिची शू होते. तुम्ही काय म्हणालात आठवतंय? म्हणालात, सवय होईल. आणि हसलात."

मिस्त्रींना आठवत नव्हतं. खरोखरच आठवत नव्हतं, आणि हेच सगळ्यात वाईट होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो आपल्याच घरात, आपल्याच हाताने चालला होता, आणि बनियनचा धागा अडकतो की नाही ते बघणाऱ्या माणसाला तो दिसला नव्हता.

पण माणूस हबकला की आधी चिडतो. मिस्त्रींनी चपला काढल्या. "माझ्या कामात खोट नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "घाबरण्यासारखं यात काय आहे, ते मी दाखवतो."

"बाबा, कामात खोट आहे असं मी कधी म्हणाले?" लेक म्हणाली. "भिंगरी घरी खिडकीच्या गजांवर चढते, कपाटावर चढते. पडते पण. मी अडवत नाही. पण ती आपली आपण चढते."

मिस्त्रींनी ऐकलं नाही. ते शिडी चढू लागले. इंजिनीअर बाई "काका, जपून," म्हणत पुढे झाल्या, त्यांना त्यांनी हातानेच थांबवलं. उंचीचं त्यांना कधीच काही वाटलं नव्हतं, गोदामांच्या छपरांवर पाय सोडून त्यांनी वेल्डिंग केलं होतं. पण हातात हत्यार असायचं तेव्हा. आपणच बनवलेल्या घसरगुंडीवरून ते आजवर एकदाही खाली आले नव्हते. ते नेहमी खाली हात पसरून उभे असत.

वर पोचून ते बसले, पाय पुढे सोडले आणि खाली पाहिलं.

पत्रा समोरून सरळ खाली जाऊन कुठेतरी संपत होता. त्याची लांबी, त्याचा उतार, सगळी मापं त्यांच्या डोक्यात होती, आणि त्यांतलं एकही इथून खरं वाटत नव्हतं. खाली चेहरेच चेहरे, सगळे वर वळलेले. कोणीतरी वातावरण सैल करावं म्हणून टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी.

"या मिस्त्री, या!"

"वाघ आहात तुम्ही!"

मिस्त्रींनी अंग पुढे रेटायचा प्रयत्न केला. अंग हलेना. दोन्ही हात कडेच्या दांड्यांना चिकटून बसले होते. पाठीमागे शिडी होती, पण तिच्याकडे वळायचं म्हणजे या सगळ्यांदेखत पाठ फिरवायची. पुढे जाववत नव्हतं, मागे येववत नव्हतं. त्यांनी म्हणायचं ठरवलं की मला नको. साधे दोन शब्द होते. तोंड उघडलं, पण टाळ्यांच्या आवाजात ते शब्द बाहेर काढायची लाज वाटली, आणि तोंड तसंच उघडं राहिलं. खालून ते हसल्यासारखं दिसलं असावं, कारण एक बाई म्हणाली, "बघा, कसे खूश आहेत!"

हे ऐकून त्यांच्या अंगावर काटा आला. आपल्या पोरीला आपण इथे बसवत होतो. ती जेमतेम या दांड्याएवढी होती. तिला आणून इथे ठेवायचं, आणि स्वतः खाली जाऊन हात पसरून उभं राहायचं.

"टाळ्या थांबवा," लेक म्हणाली.

काहींनी थांबवल्या, काहींनी नाही.

"थांबवा म्हटलं ना. कृपा करून थांबवा."

मैदान शांत झालं. भिंगरीला आजीच्या मांडीवर देऊन ती शिडीपाशी आली, निम्म्या पायऱ्या चढली आणि वर न बघता, फक्त त्यांना ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "बाबा, नको असेल तर शिडीने उतरा. चालतं."

मिस्त्रींनी मान हलवली.

"आधी वळा. हात सोडू नका, एक एक करून धरा. हां. आता डावा पाय खाली. आणखी खाली. मी धरलाय." तिने त्यांचा घोटा धरून पायरीवर टेकवला. "टेकला? आता उजवा."

असे ते उतरले, पायरी पायरीने, गर्दीकडे पाठ करून. कोणी हसलं नाही. कदाचित कोणी हसलंही असेल, मिस्त्रींना ते ऐकू आलं नाही. खाली पाय टेकल्यावरही त्यांनी शिडीचा दांडा सोडला नव्हता. लेक समोर उभी होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की ज्यात कौतुक नव्हतं.

"प्रत्येक वेळी असंच व्हायचं?" त्यांनी विचारलं.

"प्रत्येक वेळी."

मिस्त्रींना रडू फुटलं. भर मैदानात, पालिकेच्या माणसांसमोर, ते पोरासारखे हुंदके देऊन रडले. लेक जवळ उभी राहिली आणि तिने त्यांना रडू दिलं.